प्रात्यक्षिकात एकोणतीस

नाशिक,
८ ऑक्टोबर २०२३

आदरणीय रूपचंद सर,

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि माझा फोन बटणांचा. म्हणून निघताना तुम्ही सांगितलं होतं तसं पत्रच लिहिते. पोस्टाची पेटी वसतिगृहाच्या फाटकाशीच आहे.

मी पोहोचले. बाबा मला सोडून दुपारच्या एसटीने परत गेले. जाताना त्यांनी कॉलेजच्या इमारतीकडे दोनदा वळून पाहिलं. आमच्या पाड्यातून फार्मसीला कोणी गेलेलं नाही, त्यामुळे घरी सगळ्यांना वाटतं की मी आता डॉक्टरच झाले.

वर्गात साठ जण आहेत. नंदुरबार जिल्ह्यातली मी एकटी. नवापूर सांगितलं की विचारतात, म्हणजे गुजरातमध्ये का? माझ्या खोलीत सटाण्याची दिपाली आहे. ती स्वभावाने चांगली आहे. शिकवणं सगळं इंग्रजीत.

प्रवेशाच्या वेळी क्लार्कने मार्कशीट बघून म्हटलं, “तिन्ही विषयांत प्रात्यक्षिकाला तीसपैकी एकोणतीस! हुशार दिसतेस.” मी मार्कशीट घडी करून पिशवीत ठेवली.

इथलं सगळं वेगळं आहे, सर. पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुमची चेतनाही यंदा बारावी झाली ना? तिने कुठे प्रवेश घेतला? आमची निर्मला दहावीला आहे. मलाही तुझ्यासारखा पांढरा ॲप्रन घालायचाय म्हणते.

आपली विद्यार्थिनी,
रूथ याकूब गावित


रनाळे,
१९ ऑक्टोबर २०२३

चि. रूथ हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. प्राचार्यांनी तुझं नाव दर्शनी फळ्यावर लिहायला सांगितलं आहे. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या जाहिरातीतही तुझा फोटो टाकणार आहेत. आपल्या कॉलेजातून फार्मसीला गेलेली तू पहिलीच.

‘इथलं सगळं वेगळं आहे’ असं तू लिहिलंस. मला कल्पना आहे. घर सोडून लांब गेल्यावर पहिले दोन महिने असंच वाटतं. मीही रनाळ्याहून धुळ्याला शिकायला गेलो तेव्हा रोज संध्याकाळी स्टॅंडवर जाऊन नंदुरबारची गाडी बघत उभा राहायचो. आणि इंग्रजीला घाबरू नकोस. सोबत एक शब्दकोश पाठवत आहे. रोज दहा शब्द पाठ कर. रविवारी चर्चला जात जा, ओळखी होतील.

चेतना मजेत आहे. अभ्यास चालू आहे तिचा.

निर्मलाला म्हणावं, चांगले मार्क आण. पुढे मी आहेच.

तुझा,
रूपचंद दगा पाटील


नाशिक,
५ डिसेंबर २०२३

आदरणीय सर,

शब्दकोश मिळाला. पण सर, अडचण इंग्रजीची नाही. मागच्या वेळी लिहायचं धाडस झालं नाही, आज लिहिते.

पहिल्याच आठवड्यात ॲनालिसिसचं प्रॅक्टिकल होतं. मॅडमनी विचारलं, “बारावीत टायट्रेशन कोणी कोणी केलंय?” सगळ्यांचे हात वर गेले. मीही केला. माझ्या जर्नलमध्ये ते लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे. मॅडम मला म्हणाल्या, “ये, तू दाखव.”

ब्युरेट मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला. तुम्ही फळ्यावर काढायचात तेव्हा तो मला फूटपट्टीएवढा वाटायचा. तो माझ्या हाताएवढा लांब निघाला. मी तोटी फिरवली आणि सगळं द्रावण खालच्या फ्लास्कमध्ये सांडलं. गडद गुलाबी झालं. मी म्हटलं, “झालं, मॅडम.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी हळूच विचारलं, “बारावीला प्रॅक्टिकलचे किती मार्क होते तुझे?” मी सांगितलं. त्यांनी दिपालीला पुढे बोलावलं.

तेव्हापासून दिपाली प्रयोग करते आणि मी काचेची भांडी धुते. ती एकदाही कुरकुरली नाही. “आधी बघ, मग कर,” म्हणते. पण माझा हात पुढे जातच नाही.

आपल्याकडच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस सारखा आठवतो. लॅबमध्ये शाळेच्या पोषण आहाराची तांदळाची पोती होती, म्हणून दोन वर्षं कुलूपच. त्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. आम्हा सात मुलींना मागच्या शेडमध्ये त्यांच्या जेवणासाठी वरण-बट्टी करायला बसवलं. बाकीच्यांनी वर्गात फळ्यावरचे आकडे उतरवले. आमच्याकडून कोऱ्या पानांवर फक्त सह्या घेतल्या. परीक्षक जेवून उठले आणि म्हणाले, बट्टी खुसखुशीत झाली बरं का. तेव्हा मला बरं वाटलं होतं, सर. मला वाटलं, असंच असतं सगळीकडे.

एक विचारते, रागावू नका. ब्युरेटची तोटी कोणत्या हाताने धरायची? इथे विचारायची लाज वाटते.

आपली,
रूथ


रनाळे,
१५ डिसेंबर २०२३

चि. रूथ,

तोटी डाव्या हाताने, मागून वेढून धरायची. उजव्या हाताने फ्लास्क गोल हलवत राहायचा. शेवटी थेंब थेंब सोडायचं. रंग फिका गुलाबी झाला आणि टिकला, की थांबायचं. मागच्या पानावर आकृती काढून दिली आहे. दोन-चार वेळा केलंस की जमेल. यात काही फार मोठं नाही.

बाळा, तुमच्या वर्षाला कोरोनामुळे खंड पडला. संस्थेच्याही अडचणी असतात. सगळं मुलांना सांगता येत नाही. सगळीकडे थोडंफार असंच चालतं, पुढे ज्याचं त्याने भरून काढायचं असतं. तू हुशार आहेस, भरून काढशील.

एक मात्र लक्षात ठेव. त्या दिवसाबद्दल तिथे कोणाशी बोलू नकोस. कोणी तक्रार केली तर पहिला संशय तुझ्याच निकालावर येईल आणि प्रवेश धोक्यात येईल. तुझ्या भल्यासाठी सांगतो.

नाताळला घरी येशील तेव्हा भेट.

तुझा,
रूपचंद पाटील


नाशिक,
२ जानेवारी २०२४

सर,

नाताळला मी आले होते, पण तुमच्याकडे आले नाही.

जाताना नाशिकच्या स्टॅंडवर नंदुरबारच्या गाडीत माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. बोलता बोलता कळलं, ती चेतना. तुमची चेतना. साक्री येईपर्यंत आम्ही गप्पा मारत होतो. ती अकरावीपासून नाशिकलाच आहे. तिच्या कॉलेजात दर आठवड्याला प्रॅक्टिकल व्हायचं. ॲसिडने ओढणीला पडलेली भोकं तिने मला हसत हसत दाखवली.

मी विचारलं, “तू सरांच्या कॉलेजात का नाही घेतलंस?”

ती म्हणाली, “पप्पाच म्हणाले, आपल्याकडे काही शिकवत नाहीत, तुझं वाटोळं होईल.”

मी कोण आणि कुठली ते मी सांगितलं नव्हतं. फक्त नवापूरची, एवढंच. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने मला अर्धी चिक्की दिली.

सर, दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या घरी आला होता. बाबा मला आमच्या गावातल्या तुमच्या कॉलेजात घालायला तयार नव्हते. नर्सिंगची ओळखीची एक बाई होती, तिच्याकडे पाठवणार होते. तुम्ही खाटेवर बसून बाबांना म्हणालात, “याकूबभाऊ, पोरगी माझ्या भरवशावर द्या. माझ्या मुलीसारखी शिकवीन.”

मी आतून ऐकत होते.

रूथ


रनाळे,
२४ मे २०२४

चि. रूथ,

जानेवारीत आणि मार्चमध्ये मी तुला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. मी समजलो, परीक्षा असेल. खरं तर मला तेच समजून घ्यायचं होतं.

परवा मी तुमच्या घरी आलो होतो. तुला ठाऊक आहे, मे-जूनमध्ये आम्हा सगळ्या शिक्षकांना घरोघर पाठवतात. प्रत्येकाने दहा मुलं आणायची, नाहीतर तुकडी तुटते आणि तुकडी तुटली की माझ्यासारखा तासिकेवरचा माणूस पहिला घरी जातो. माझ्या यादीत चौथं नाव निर्मलाचं होतं.

अंगणात दोरीवर पांढरा ॲप्रन वाळत होता. मला वाटलं, रूथ सुट्टीला आली असेल. याकूबभाऊंनी आंबे कापून पुढे ठेवले. म्हणाले, “रूथ एप्रिलपासून घरीच आहे, सर. परत जायचं नाही म्हणते. बोलत नाही. तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल.”

तू आत होतीस. दाराआड तुझे पाय दिसत होते. मी हाक मारली नाही. प्रवेशाचा फॉर्म पिशवीत होता, तो बाहेर काढला नाही. दहा मिनिटांत उठलो.

घरी आल्यावर कमलबाईला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून म्हणाली, “आपली पोर वाचाडी लिधी आनि त्यास्नी पोर बुडाडी. आते काय तोंड दखाडशात तिले?” चौदा वर्षं मी तिला सांगत आलो होतो, की कायम होऊ दे, मग मी बोलेन. आपली वाचवली आणि त्यांची बुडवली, असं ती याआधी कधी म्हणाली नव्हती.

ते एकोणतीस गुण मी स्वतःच्या हाताने लिहिले. परीक्षकांनी फक्त सही केली. माझा स्वतःचा विषय होता तो. प्रत्येकाला अठ्ठावीस किंवा एकोणतीस, कारण संस्थेला निकाल लागतो. जर्नलवर सही करताना मी पानं उलटून बघायचो नाही. चेतनाला नाशिकला पाठवलं तेव्हा मला पूर्ण माहीत होतं की मी काय करतो आहे आणि तुमच्या अंगणात बसून काय बोलतो आहे.

माफी मागायला तोंड नाही. तुझं काय झालं ते मात्र सांग.

रूपचंद


ता. नवापूर,
२ जून २०२४

सर,

विचारलंत म्हणून सांगते.

सहापैकी चार विषय राहिले. ते निघाले असते. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या सत्राला बसता येतं, एक वर्ष गेलं तरी हरकत नाही, मी शिकवते. मी घरी आले ती त्यामुळे नाही.

मार्चमध्ये एक दिवस मी ठरवलं, आज भांडी धुवायची नाहीत. दिपालीला म्हटलं, आज मी करते. सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायचं होतं. ते कसं करायचं हे जर्नलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ॲसिड पाण्यात सोडावे. मी शंभर वेळा लिहिलं असेल. पण हातात बीकर आल्यावर मी ॲसिडमध्ये पाणी ओतलं. ते उकळून उडालं. दिपाली माझ्याजवळ वाकून बघत होती. तिने तोंड वळवलं म्हणून डोळे वाचले. बोटांपासून कोपरापर्यंत तिचा हात भाजला.

मॅडम धावत आल्या. दिपाली नळाखाली हात धरून रडत होती, आणि रडत रडतच म्हणाली, “माझाच धक्का लागला, मॅडम.”

दवाखान्यात मी तिला म्हटलं, तू खोटं का बोललीस? तर म्हणाली, “तुला काढून टाकलं असतं गं.”

तिचे आईवडील सटाण्याहून आले. तिच्या आईने मला जवळ बसवून डब्यातलं जेवायला दिलं. तिला खरं माहीत नव्हतं. ते जेवण मी तसंच झाकून ठेवलं. तिथून आले ती परत गेले नाही.

मला राग आहे का, तर आहे. पण तुमच्या एकट्यावर नाही. दोन वर्षं मलाही सोपंच वाटत होतं. कुलूप दिसत होतं, मी कधी विचारलं नाही.

निर्मलाला अडुसष्ट टक्के पडले. तिला सायन्सच घ्यायचंय. बाबा म्हणतात, गावातलंच बरं, डोळ्यासमोर राहील. तुमचे दुसरे सर काल फॉर्म घेऊन आले होते. फॉर्मच्या मागे माझा फोटो आहे. ॲप्रनमधला.

सर, तुम्हाला काही करायचंच असेल तर हे करा. जे मला लिहिलंत, ते त्यांना लिहा ज्यांनी वाचायला हवं. सहीनिशी. निर्मलाच्या वेळी लॅब उघडी असली पाहिजे. मला दुसरं काही नको.

रूथ


रनाळे,
११ जुलै २०२४

चि. रूथ,

तुझं पत्र वाचून तिसऱ्या दिवशी मी नंदुरबारला जाऊन शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. लॅब किती वर्षं बंद आहे, गुण कसे दिले, कोणी दिले, सगळं. माझं नाव सर्वांत वर. पोचपावतीवर शिक्का घेताना कारकुनाने दोनदा विचारलं, “साहेब, हे तुमच्याच विरुद्ध आहे ना? नीट वाचलंत ना?”

संस्थेने दुसऱ्याच दिवशी मला येऊ नका म्हणून सांगितलं. ते अपेक्षित होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासणीचं पथक आलं. मी फाटकाबाहेर उभा होतो. कुलूप तोडावं लागलं, चावी कोणाकडेच नव्हती. आत पोती, आणि पोत्यांमागे एका खोक्यात बारा ब्युरेट, गवतात गुंडाळलेले, कधीच न उघडलेले. म्हणजे सामान आलेलं होतं, रूथ. इतकी वर्षं ते तिथेच होतं. मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी आत जाऊन पाहिलंच नाही.

आता काहीतरी होईल असं वाटतं. नवीन माणूस नेमतील, लॅब लावतील. चेतनाला सगळं कळलं आहे. ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. मी सध्या भावाच्या मिरचीच्या शेतात काम बघतो.

तुझे राहिलेले विषय आपण मिळून काढू. आठवड्यातून दोन दिवस रनाळ्याला येत जा. कमलबाईनेही सांगितलं आहे. यावेळी मी जे शिकवीन ते हातात देऊन शिकवीन.

उत्तराची वाट पाहतो.

रूपचंद


ता. नवापूर,
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,

उत्तर द्यायला उशीर झाला. भाताची लावणी चालू होती.

मी सांगितलं तसं तुम्ही केलंत. तुमची नोकरी गेली.

पुढे काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं की नाही, माहीत नाही. नवीन माणूस आला नाही. लॅब नाही आणि विषयाला शिक्षक नाही म्हणून वरून कागद आला, की यंदा अकरावी विज्ञानचे प्रवेश बंद. संस्थेने कटकट नको म्हणून ती शाखाच मिटवली. ज्या मुलांचे फॉर्म भरले होते, त्यांना बोलावून परत दिले. आसपासच्या पाड्यांतली तीसेक मुलं होती. त्यांतली पाच-सहा मुलं नंदुरबारला गेली. मुली सगळ्या आर्ट्सला बसल्या, नाहीतर घरी.

निर्मलासाठी मी धावपळ केली. तालुक्याच्या कॉलेजात सायन्सला जागा होती, पण राहायचं कुठे? वसतिगृहाची यादी बहात्तर टक्क्यांना थांबली. मी तिला घेऊन नंदुरबारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघा. बाबा म्हणाले, “एकीचं पाहिलं, आता पुरे.” दिवाळीनंतर निर्मला आत्याच्या टोळीबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला जाणार आहे. आत्या, म्हणजे मंगळीबाई. ती चांगलं सांभाळेल.

रनाळ्याला मी येणार नाही, सर. रागाने म्हणत नाही. पुस्तक उघडलं की दिपालीचा हात दिसतो. तिचं पत्र आलं होतं. जखम भरली, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. परीक्षेत लिहायला वेळ पुरत नाही, असं एका ओळीत लिहिलंय आणि पुढे माझीच चौकशी केलीय. तिच्या आईला मी अजून खरं कळवलेलं नाही. तुम्ही अर्ज लिहू शकलात, मला तेवढंही जमत नाही.

निर्मला माझ्याशी महिनाभर बोलत नव्हती. काल चिखलात शेजारी उभ्या राहून रोपं लावताना मी तिला म्हटलं, “मी सरांना लिहायला सांगितलं ते तुझ्यासाठीच होतं. त्या कॉलेजात जाऊन तुला काहीच आलं नसतं. माझ्यासारखी तू नापास झाली असतीस.”

ती वाकलेलीच होती. हातातली जुडी तिने लावून संपवली. मग सरळ उभी राहून म्हणाली, “तुला नाशिकपर्यंत जाऊन नापास व्हायला मिळालं. मला तेवढं तरी होऊ द्यायचं होतंस.”

आणि बांधावरची दुसरी जुडी आणायला गेली.

तिला द्यायचं उत्तर तुम्हाला सुचलं तर मला लिहू नका. ते आता तिला मीच द्यायला हवं.

आपली,
रूथ